आमचे हेमाडपंत

लोणारला जगभरातून माणसं येतात ती विवर बघायला. उल्का आदळून बेसाल्टमध्ये पडलेला, पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंदीचा खड्डा. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, तेव्हापासून शास्त्रज्ञांची रीघ लागली आहे. २०२० च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा तर ज्याच्या त्याच्या मोबाइलवर लोणारच होतं. आमचे हेमाडपंत मात्र काठावर येतात आणि विवराकडे पाठ करून उभे राहतात. मंडळी त्यांच्या खांद्यावरून माना उंच करून तळं बघू लागली की ते हातातली लांब दांड्याची छत्री आडवी धरतात.

"ते देवाचं काम. त्याला नगररचना विभागाची मंजुरी नाही, त्यामुळे मी त्यावर बोलत नाही. आता इकडे वळा आणि ही पायरी बघा. हे माणसाचं काम."

आणि मग पुढचा अर्धा तास धारेच्या देवळाच्या एका पायरीवर जातो.

हेमाडपंत हे त्यांचं नाव नव्हे. बारशाचं नाव वेगळं आहे, पाटीवर ते आर्किटेक्ट या बिरुदासह लिहिलेलंही आहे. पण बुलढाण्यात, चिखलीत, मेहकरात विचाराल तर लोक हेमाडपंतांचंच घर दाखवतील. गंमत अशी, की हा शब्द ऐकला की त्यांच्या कपाळाची शीर उठते. आपल्या भागात चुना न लावलेला काळा दगड दिसला रे दिसला की माणूस म्हणतो, हेमाडपंती. देऊळ हेमाडपंती, बारव हेमाडपंती, पोलीस ठाण्याची जुनी भिंतसुद्धा हेमाडपंती. यावर त्यांचं भाषण ठरलेलं. हेमाद्री हा तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याच्या आधीपासून लोक दगडावर दगड बसवून देवळं बांधत होते. चुन्याशिवाय, नुसत्या खाचा, खुंट्या आणि वजनाच्या जोरावर. "मंत्र्याने एकट्याने एवढी देवळं बांधली असती तर तो कारभार कधी करत होता?" असं ते विचारतात. हे भाषण इतक्या वेळा इतक्या जणांना ऐकवलं, की ज्या माणसाचं श्रेय ते काढून घेत होते त्याचंच नाव त्यांना चिकटलं.

वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. डोक्यावर कापडी टोपी, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली, कमरेला पाच मीटरची स्टीलची टेप. टेप म्हणजे त्यांचा अवयवच. ओळखीच्या माणसाकडे चहाला गेले तरी बोलता बोलता दाराची चौकट मोजून घेतात. लग्नात अक्षता पडत असताना त्यांना मंडपाच्या खांबाला टेप लावताना आम्ही पाहिलं आहे. वहिनींनी डोळे वटारले तेव्हा म्हणाले, "कमी आहे गं. दोन खांबांत अंतर जास्त घेतलंय त्याने."

शिक्षण मुंबईत, जे. जे. मध्ये. तिथे राहिले असते तर आज मोठ्या नावाच्या ऑफिसात असते, हे ते सांगत नाहीत, वहिनी सांगतात. ते परत आले, बुलढाण्यात ऑफिस थाटलं, घरांचे नकाशे काढू लागले. सगळं सुरळीत चाललं होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी लेकीकडे मुंबईला गेले असताना तिने एका रविवारी सकाळी त्यांना फोर्टमध्ये नेलं आणि घात झाला. मुंबईत दोन महिला आर्किटेक्टांनी १९९९ मध्ये बॉम्बे हेरिटेज वॉक्स सुरू केलं होतं. त्या धर्तीच्या फेऱ्या आता तिथे अनेक आहेत. तरुण आर्किटेक्ट पुढे, मागे पंचवीस माणसं, आणि एकेका इमारतीपुढे थांबून कमान, कंगोरा, गच्चीवरचे दगडी प्राणी असं सगळं समजावणं. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने बांधलेलं बोरीबंदरचं स्टेशन, आणि रस्ता ओलांडला की त्यानेच बांधलेली १८९३ ची महापालिकेची इमारत. एकाच माणसाची दोन कामं, मध्ये फक्त एक सिग्नल. हेमाडपंत परत आले ते तापलेलेच. म्हणाले, आपल्याकडेही करायचं.

आता मुंबईत एका मैलात शंभर इमारती मिळतात आणि आमच्याकडे शंभर मैलांत चार-पाच, ही बारीकशी अडचण त्यांच्या लक्षात आली नव्हती असं नाही. पण त्यांनी ती मनावर घेतली नाही. दैत्यसूदनाचं देऊळ लोणारला, राजवाडा सिंदखेडराजाला, कंचनीचा महाल मेहकरला, १५८२ ची मशीद घाटाखाली रोहिणखेडला. सातगावचं विष्णूमंदिर त्यातल्या त्यात जवळ. म्हणून आमच्या हेरिटेज वॉकमध्ये वॉक कमी आणि काळीपिवळीत गुडघे पोटाशी घेऊन बसणं जास्त. पायी चालण्याचा योग गाडी बंद पडली की येतो, आणि तेव्हाही हेमाडपंत वाटेतल्या गावाची गढी दाखवतात. गढीची पांढरी माती लोकांनी घरांच्या धाब्यांवर टाकायला कशी उकरून नेली, म्हणजे पाटलाचा बुरूज सगळ्या गावाच्या डोक्यावर कसा वाटला गेला, हे ते रस्त्याकडेला उभं राहून सांगतात. ड्रायव्हर बॉनेटमध्ये डोकं घालून असतो, तोही ऐकतो. खरं सांगायचं तर त्यांची उत्तम भाषणं गाडी बंद पडल्यावरच होतात. तयारी करून केलेल्या भाषणात सनावळी फार.

पहिल्या फेरीचं शुल्क त्यांनी लावलं तेव्हा गावात खळबळ माजली. "साहेब, दगडं पाहाले कायचे पैसे? आमच्या वावरात फुकट हायेत," असं एका शेतकऱ्याने सरळ तोंडावर विचारलं. त्या फेरीला हेमाडपंत, वहिनी, मी आणि वहिनींची बहीण एवढेच होतो. मग त्यांनी मुंबईकरांना कधी सुचली नसती अशी युक्ती काढली. शुल्क तेच ठेवलं, नाव वर्गणी केलं आणि नाष्टा त्यात धरला. पुढच्या रविवारी दोन गाड्या भरल्या. त्यांतले निम्मे लोक कचोरीसाठी आले होते हे त्यांना ठाऊक होतं. "येऊ देत," म्हणाले, "पोट भरलं की माणूस वर बघतो."

आता या मंडळींविषयी थोडं सांगायला हवं, कारण ऐकणाऱ्यांशिवाय हेमाडपंत पुरे होत नाहीत. एक सेवानिवृत्त गुरुजी कायम असतात, ते प्रत्येक वाक्याला "बरोबर" म्हणतात आणि तेच वाक्य पुन्हा बाकीच्यांना समजावून सांगतात. भजनी मंडळातल्या चार मावशी असतात. त्यांना ही देवदर्शनाची सहल वाटते, म्हणून पिशवीत नारळ, हळदकुंकू आणि वाती. कॉलेजची दोन-तीन पोरं असतात, ती खांबाला टेकून फोटो काढतात आणि हेमाडपंतांची छत्री पोटरीला लागली की दूर होतात. आणि एक बांधकाम ठेकेदार असतो. हा ठेकेदार त्यांचा खरा प्रतिस्पर्धी. कोणत्याही वास्तूपुढे उभा राहिला की त्याचा एकच प्रश्न, "आज बांधाचं म्हटलं त किती पडन, साहेब? मटेरियलसहित."

पहिल्यांदा हेमाडपंत चिडले. दुसऱ्यांदा त्यांनी दुर्लक्ष केलं. तिसऱ्यांदा रात्रभर बसून दैत्यसूदनाच्या देवळाचं एस्टिमेट काढलं. दगड खाणीतून काढणं, वाहतूक, घडाई, नक्षी, गडगडा लावून चढवणं, सगळं आताच्या दराने. आकडा ठेकेदाराला कानात सांगितला. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "जीएसटी धरून?" तेव्हापासून दोघांची गट्टी आहे. माझ्या मते त्या देवळाची थोरवी त्या दिवशी ठेकेदाराला जशी कळली तशी आम्हां बाकीच्यांना कधीच कळली नसेल.

दैत्यसूदन हा त्यांचा हुकमी एक्का. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे देऊळ लोणार गावातच आहे. तळनकाशा ताऱ्यासारखा, कोनाकोनांचा, त्यामुळे बाहेरच्या भिंतीवर उन्हाची आणि सावलीची एकाआड एक घडी पडते. हे दाखवायला हेमाडपंत सगळ्यांना उन्हात उभं करून देवळाभोवती हळूहळू फिरवतात. मावशींना प्रदक्षिणा झाल्याचं पुण्य मिळतं, त्यांना तळनकाशा शिकवल्याचं समाधान. आतलं छत म्हणजे तर कोरीव कथांचं पुस्तकच, हिरण्यकशिपूचा वध, कृष्णाच्या लीला. पण मान वर करून किती वेळ बघणार? म्हणून ते फर्मान सोडतात, "सगळे उताणे झोपा."

आणि लोक झोपतात. गुरुजी धोतर सावरून झोपतात, ठेकेदार हाताची उशी करून, मावशी डोक्यावरचा पदर नीट ओढून. मधोमध हेमाडपंत स्वतः आडवे, छत्रीचं टोक छताकडे. अंधुक गार गाभाऱ्यापुढे वीस-बावीस माणसं ओळीने पडलेली. एकदा दर्शनाला आलेली एक बाई दारातच थबकली आणि तिने पुजाऱ्याला हळूच विचारलं, "यायले सगळ्यायले ऊन लागलं काय?" पुजारी सरावलेला. म्हणाला, "नाई माय, ते आर्किटेक्टचे लोक हायेत."

त्यांचा धर्मग्रंथ म्हणजे हेन्री कझिन्स यांचं दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचं १९३१ चं पुस्तक. झेरॉक्स प्रत, जाड दोऱ्याने शिवलेली. कझिन्स यांनी लोणार पाहिलं, मेहकरची नदीकाठची जुनी धर्मशाळा पाहिली, सातगाव पाहिलं आणि नकाशे काढून ठेवले. दर पाच मिनिटांनी "कझिन्स काय म्हणतात बघा" असं येत राहतं. एका मावशींनी शेवटी विचारलंच, "तुमचे सख्खे चुलतभाऊ काय हो? का मावसभाऊ?" त्यावर हेमाडपंत क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तसंच समजा." ते खोटं नव्हतं. सख्ख्या भावांशी त्यांचं शेताच्या बांधावरून बोलणं बंद आहे, कझिन्सशी रोज असतं.

सिंदखेडराजाला मात्र त्यांचा स्वर बदलतो. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मदिवशी तिथे मुंगीला शिरायला जागा नसते, म्हणून ते फेरी एरवीच्या रविवारी नेतात. लखुजीराजांच्या राजवाड्याचा तो उंच दरवाजा आला की त्यांची गाडी अडते ती अडतेच. दरवाजा म्हणजे नुसती भिंतीतली मोकळी जागा नव्हे, तो कसा बोलतो, घोडेस्वार आत येताना सावली कुठे पडायची, बिजागरीच्या खुंटाने दगडाला कशी वाटी पाडली, उंबरठा कुठल्या अंगाने झिजला. मंडळींना १५९८ साली जिजाऊ जन्मल्या तो म्हाळसा महाल बघायचा असतो, आणि हेमाडपंत अजून दरवाज्यातच. एकदा असंच पाऊण तास झाल्यावर एक म्हातारी बाई काठी टेकत आली, गर्दीतून वाट काढून उंबरठ्यापाशी वाकली, त्याच झिजलेल्या जागी डोकं टेकलं आणि आत निघून गेली. हेमाडपंतांनी टोपी काढली आणि बिजागरीचं पुराण तिथेच संपवलं. त्या दिवशी आम्ही जेवायला वेळेवर पोचलो.

लखुजीराजांच्या समाधीपाशी त्यांना इतिहासापेक्षा घुमट जास्त दिसतो. १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारी लखुजीराजे, दोन मुलगे आणि एक नातू दगा होऊन मारले गेले, हे ते एका वाक्यात सांगतात. ते वाक्य नेहमी सारख्याच आवाजात येतं, खालच्या. मग विषय घुमटाचा. हिंदू राजाची समाधी आणि घडण सुलतानी अमलातल्या गवंड्याची. "गवंड्याला जे येतं ते तो बांधतो. त्याला धर्म विचारू नका, त्याला कमान विचारा." यावरून पोरांपैकी कुणी वाद काढला तर ते पोरांची कमान बनवतात. दोघांना समोरासमोर उभं करून हात वर, तळवे एकमेकांवर, पाय मागे. "आता दोघांनी एकमेकांवर भार टाका. पडत नाही ना? का? दोघंही पडायला बघताय म्हणून. यालाच कमान म्हणतात." एकदा त्यांनी गुरुजी आणि ठेकेदाराची कमान केली आणि खालून चारही मावशींना जायला लावलं. कमान टिकली. गुरुजी "बरोबर" म्हणाले.

२०२४ साली त्याच समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याचं संवर्धनाचं काम चाललं होतं. तेव्हा जमिनीखालून आधी शिवमंदिराचे अवशेष निघाले आणि मग शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती. त्या जूनमध्ये हेमाडपंतांचं ऑफिस जवळजवळ बंदच होतं. ज्यांचे स्लॅब अडले होते ते गिऱ्हाईक फोन करत आणि पलीकडून उत्तर येई, "तुमचा स्लॅब चार दिवसांनी पडला तरी चालेल, इथे आठशे वर्षांनी लक्ष्मी दिसली आहे." एका गिऱ्हाइकाचा गैरसमज होऊन तो पेढे घेऊन आला.

सिंदखेडराजात त्यांची सगळ्यांत लाडकी जागा राजवाडा नव्हे, रंगमहाल नव्हे, मोती तलावही नव्हे. ती म्हणजे काळाकोट. जाडजूड काळ्या भिंतींचा कोट, काम अर्ध्यावर राहिलं असं गावकरी सांगतात. हेमाडपंत म्हणतात, पुरी झालेली इमारत खोटं बोलते, सगळं झाकते. अर्धी राहिलेली खरं सांगते, थर कसे दिले, आत भराव कशाचा, कुठे माणसं दमली. हे ऐकताना वहिनी तोंडाला पदर लावून हसतात. कारण त्यांचं स्वतःचं घर गेली कित्येक वर्षं असंच आहे. खालचा मजला राहता, वरचा नुसत्या कॉलमवर, सळया आभाळाकडे. जिना कुठून घ्यावा हे अजून ठरत नाही. लोकांना पंधरा दिवसांत नकाशा देणारा माणूस स्वतःचा जिना दर दिवाळीला नव्याने काढतो. पाहुण्यांना पत्ता सांगताना वहिनी म्हणतात, "रस्त्याने सरळ या, आमचा काळाकोट लांबूनच दिसतो."

मेहकरची गोष्ट जरा नाजूक आहे. कंचनी नावाची नर्तकी होती, तिला मेहकरातून लोणारच्या कमळजा देवीचा दिवा दिसावा म्हणून तिने उंच महाल बांधायला घेतला, अशी कथा. पुढे देवीचा कोप कसा झाला ते घरोघरी थोडंथोडं वेगळं सांगतात. मेहकरचेच कवी ना. घ. देशपांडे यांनी या महालावर कविता लिहिली, त्यामुळे आमच्याकडे ही कथा म्हणजे घरातलं माणूस. हेमाडपंतांनी तिच्यावर गणित घातलं. अवशेषांपाशी सगळ्यांना बसवून, खडूने दगडावर छेद काढून: मेहकर ते लोणार सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. देवीचं देऊळ विवराच्या तळाशी, पाण्याच्या काठाला. विवराची कड तिथून शंभर-सव्वाशे मीटर वर. तळातून निघालेली नजर ती कड ओलांडून मेहकरापर्यंत न्यायची तर महाल किमान दीड किलोमीटर उंच हवा. "दुबईचा बुर्ज खलिफा ८२८ मीटर. म्हणजे त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्या काळात, या दगडात, अशक्य. सबब ही कथा..."

"थांबा," एक मावशी म्हणाल्या. त्यांचं माहेर मेहकरचं. "तिले दिवा दिसत नव्हता, हेच सांगून रायले ना तुम्ही?"

"हो."

"मंग आमची गोष्ट बी तेच सांगते. दिसला असता त तिनं कायले बांधला असता?"

हेमाडपंतांनी खडू खिशात ठेवला. गुरुजींनी या वेळी "बरोबर" कुणाला म्हटलं ते समजलं नाही. ते गणित मात्र मी घरी येऊन पुन्हा करून पाहिलं. ते चुकलेलं नाही.

त्यांची हार झाली असे प्रसंग आणखीही आहेत. कोरीव दगडाला ऑइलपेंट दिसला की त्यांच्या अंगाची लाहीलाही होते. आणि आमच्या भागातल्या देवस्थान समित्यांना तर दरवर्षी रंगाचा डबा उघडल्याशिवाय चैन पडत नाही. जोडीला गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स, आणि त्यांतली एक देणगीदाराच्या नावाची. एका गावी त्यांनी समितीच्या बैठकीत तासभर भाषण केलं. दगड श्वास घेतो, रंगाने त्याचा श्वास कोंडतो, ओल आत राहते आणि पापुद्रे सुटतात. समिती हेलावली. अध्यक्ष उठून म्हणाले, साहेबांचा शब्द आम्ही मोडणार नाही. त्या वर्षी त्यांनी भगव्याऐवजी क्रीम रंग दिला.

जुन्या चुन्याविषयी बोलतानाही असंच. चुना महिनोन् महिने भिजवायचे, घाणीत मळायचे, त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी घालायचे, असं ते रंगून सांगत होते. मावशींनी प्रमाण विचारलं. त्यांनी सांगितलं. मावशी म्हणाल्या, "उडीद भाजून का कच्चे?" हा प्रश्न जे. जे. मध्ये कुणी विचारला नव्हता. ते अजून शोधतायत.

हे झालं रविवारचं. सोमवार ते शनिवार हेमाडपंत वेगळा माणूस असतो, आणि तो पाहिल्याशिवाय हा माणूस कळत नाही. पोटाचा धंदा म्हणजे घरांचे नकाशे, नगरपरिषदेची मंजुरी, बँकेच्या कर्जाचं एस्टिमेट. निम्मे लोक त्यांना वास्तुशास्त्रवाला समजतात आणि संडास कुठल्या दिशेला घेऊ हे विचारायला येतात. उरलेल्यांना फक्त एलिव्हेशन हवं असतं. आत खोली कशीही असो, रस्त्यावरून दिसलं पाहिजे. मोबाइलमध्ये साऊथच्या पिक्चरमधल्या बंगल्याचा फोटो असतो. "असं करा साहेब, अन् दरवाज्याले राजवाड्यासारखी कमान टाका." तीच कमान, जिच्यासाठी सिंदखेडराजाला पाऊण तास उन्हात उभं केलं! ते मुकाट्याने वर सिमेंटचं बीम घेतात आणि खाली प्लास्टरची खोटी कमान चिकटवतात. ती कशाचाही भार घेत नाही. ड्रॉइंगवर सही करताना म्हणतात, "ही बिनपगारी कमान." बुलढाणा, चिखलीच्या नव्या वसाहतींत त्यांच्या अशा कमानी गल्लोगल्ली आहेत. फेरीची गाडी तिथून गेली तर ते दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघतात.

आणि वाडे. खरी कुचंबणा तिथे आहे. जुन्या वाड्याच्या वाटण्या झाल्या, भाऊ चार झाले, एक पुण्याला, एक नाशिकला, कौलं गळायला लागली, माळ्यावर साप निघाला. मग चौघे मिळून येतात. "वाडा पाडाचा हाय साहेब. खाली गाळे, वर फ्लॅट. नकाशा काढून द्या." जिल्ह्यात वाड्यांवर तळमळीने बोलणारा माणूस एकच, आणि वाडा पाडून काय बांधायचं त्याचा नकाशा काढून देणाराही तोच, कारण गावात दुसरा भरवशाचा आर्किटेक्ट नाही. त्यांना कुणीतरी एकदा विचारलं, नाही म्हणून का सांगत नाही? म्हणाले, "मी नाही म्हटलं तर ते अकोल्याहून आणतील. तो वाडा मोजणार नाही, नुसता पाडेल."

कारण हेमाडपंतांची अट असते. नव्या नकाशाला हात लावण्याआधी जुना वाडा मोजू द्यायचा. मग ते दोन दिवस तिथे पडीक. देवडी, चौक, ओसरी, माजघर, बळद, कोनाडे, दिवळ्या, खांबांवरचे हस्त, तुळयांचे गाळे, सगळं टेपने मोजायचं आणि पेन्सिलीने कागदावर. घरातली म्हातारी असेल तर तिच्या शेजारी बसून कुठे बाळंतिणीची खोली, कुठे धान्य, कुठे रुसून बसायची जागा, हे नकाशात लिहायचं. मालक वैतागतात. "पाडाचंच हाय त मोजता कायले?" ते उत्तर देत नाहीत. पुढे सागवानी खांब लाकडाचा व्यापारी नेतो आणि ते कुठल्यातरी शहरातल्या हॉटेलात उभे राहतात. जागेवर गाळे येतात, गाळ्यात मोबाइलचं दुकान. हेमाडपंत फी घेतात, आणि उद्घाटनाचा पेढाही खातात. मला हे फार दिवस ढोंग वाटत होतं. मग त्यांच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट पाहिलं. पाडून झालेल्या वाड्यांच्या गुंडाळ्या, प्रत्येकीवर गाव, गल्ली आणि म्हातारीने सांगितलेलं घराचं नाव. अशा वाड्यांतले बहुतेक आता त्या कपाटाशिवाय कुठेही नाहीत. माणूस कंटाळवाणा आहे, वेळेचा कच्चा आहे, ऐकणाऱ्याच्या पोटाचा आणि पायांचा विचार करत नाही. पण हे काम जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

फेरी अजून चालते, पाऊस नसेल त्या रविवारी. वर्गणीत कचोरी आहे. आणि आपला वाडा पाडायचा चाललाच असेल, तर मशीन बोलावण्याआधी दोन दिवस त्यांना बोलवा. मोजणीचे ते वेगळे पैसे घेत नाहीत, फक्त शिडी तुमची लागते.